रमाबाईंना शिकवायचा अधिकार कुणी दिला?

१८८५ साली इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम गावी एक पेच पडला. तिथल्या लेडीज कॉलेजात सत्तावीस वर्षांची एक मराठी विधवा शिकायला राहिली होती आणि जोडीने संस्कृत शिकवतही होती. मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांना वाटत होतं की, हिच्याकडे हिंदुस्थानी भाषा शिकायला पुरुष आले तर हिने त्यांनाही शिकवावं. गोष्ट मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांच्या कानावर गेली. दोघांनीही नको म्हटलं. बाईने पुरुषांना शिकवलं, तर मायदेशी तिची पत राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

यावर त्या विधवेने जे लिहिलं, त्याचा आशय असा: माझी आई तरुण मुलांना शिकवायची, मीही शिकवलं. माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, नवऱ्याने घेतली नाही. आणि ती तुम्ही इंग्रजांनी घ्यावी, याचं मला फार नवल वाटतं.

ही विधवा म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्याबद्दल आपल्याकडे जो वाद होतो, तो एकाच प्रश्नावर येऊन थांबतो: त्या ख्रिस्ती का झाल्या? सव्वाशेहून जास्त वर्षं हे चाललंय. मला त्याच्या पुढचा प्रश्न जास्त ओढून नेतो. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी तिथल्या धर्मगुरूंचं ऐकलं का? त्यांना कधी पाळकपद मिळालं नाही, कुठल्या चर्चने त्यांना दीक्षा दिली नाही. तरी शेवटी जवळपास दोन हजार माणसांची वसती त्या चालवत होत्या, आणि तिथल्या उपासनेची, शिकवणीची सूत्रं त्यांच्याच हातात होती. हे जमलं कसं?

त्यासाठी एक जुना शब्द हाताशी घेऊ: अधिकार. आज आपण तो हक्क या अर्थाने वापरतो. शास्त्री-पंडितांच्या बोलण्यात त्याचा अर्थ जरा वेगळा होता. कुणी काय वाचावं, कुणी कुणाला काय सांगावं, ते सांगायची लायकी कुणात आहे, हे सगळं त्यात यायचं. वेदाचा अधिकार याला आहे, तिला नाही, असं म्हणायचे. रमाबाईंचं सगळं आयुष्य या एका शब्दाशी झालेलं भांडण आहे, असं मला वाटतं.

भांडण सुरू झालं त्यांच्या जन्माच्याही आधी. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन, मोठे वैदिक पंडित. त्यांनी बायकोला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायचं ठरवलं. घरच्यांनी आणि जातीने विरोध केला. उडुपीला विद्वानांपुढे त्यांना जाब द्यावा लागला, तेव्हा त्यांनी ग्रंथांचे दाखले काढून दाखवले की बाईला संस्कृत शिकवणं शास्त्राच्या विरुद्ध नाही. वेद मात्र नाही, ती मर्यादा त्यांनीही पाळली. मग ते सह्याद्रीत गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे २३ एप्रिल १८५८ ला रमाबाई जन्मल्या. आईनेच त्यांना पहाटे उठवून संस्कृत शिकवलं.

पुढे घर मोडलं आणि सगळे जण तीर्थयात्रेला निघाले. गावोगाव पुराण सांगायचं, दक्षिणा मिळेल त्यावर जगायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळाने आईवडील गेले, मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी तर वेदाची प्रत हातात ठेवली आणि वाचायला सांगितलं. ज्या ग्रंथाला हात लावायचा नाही असं लहानपणापासून ऐकलं, तोच घरी आला.

त्यांनी वाचलं. धर्मशास्त्रही वाचलं, कारण कलकत्त्याच्या सुधारकांना त्यांनी बायकांपुढे व्याख्यानं द्यावीत असं वाटत होतं. आपल्या आत्मकथनात त्या लिहितात की, या ग्रंथांची आपसात हजार बाबतींत भांडणं होती, पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. बाई, वरच्या जातीची असो की खालच्या, वाईटच. तिला मोक्ष नाही. नवऱ्याची सेवा करावी आणि पुढच्या जन्मी पुरुष होण्याची आशा धरावी. पंडिता ही पदवी मिळाली ती ज्या विद्येमुळे, तीच विद्या सांगत होती की तुला अधिकार नाही. हे एकदा लक्षात आलं की त्यांचं धर्मांतर तितकंसं अचानक वाटत नाही.

मधली वर्षं भराभर घडली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि पुढच्या फेब्रुवारीत नवरा पटकीने गेला. मांडीवरची मुलगी घेऊन त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनपुढे साक्ष देताना बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात, शिक्षिका हव्यात, असं ठणकावून सांगितलं. स्वतः वैद्यकी शिकायची म्हणून १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या. ती वैद्यकी राहूनच गेली, कारण त्यांना ऐकू कमी येत होतं.

इंग्लंडमध्ये त्या उतरल्या वाँटेज गावच्या सिस्टरांच्या, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींच्या, मठात. या सिस्टरांचं पुण्यातही काम होतं, पंचहौद मिशनच्या आसपास. (हो, तेच पंचहौद, जिथे मिशनऱ्यांकडे घेतलेला चहा पुढे १८९० मध्ये टिळक-रानड्यांना प्रायश्चित्तापर्यंत घेऊन गेला.) वाँटेजच्या सिस्टर त्यांना लंडनला फुलहॅमच्या आश्रमात घेऊन गेल्या. समाजाने ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायका तिथे सांभाळल्या जात होत्या. रमाबाईंना हे नवीन होतं. आपल्याकडे अशा बाईवर दया करा असं कुठल्या ग्रंथात वाचलेलं त्यांना आठवेना. हे तुम्ही कशासाठी करता, असं त्यांनी एका सिस्टरला विचारलं. तिने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. येशू विहिरीवर एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. जातीने हलकी मानलेली, पाच नवरे झालेली बाई. आणि तो तिच्याशी देवाबद्दल चर्चा करतो. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी आणि मनोरमाने बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात गदारोळ झाला. बाजूने बोलणारे थोडे होते. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली.

आता जरा चर्चची रचना समजून घेऊ, म्हणजे पुढचं भांडण कळेल. रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो चर्च ऑफ इंग्लंडमध्ये. त्यात डीकन, पाळक आणि बिशप अशी चढती पायरी असते. बिशप डोक्यावर हात ठेवतो तेव्हा माणूस पाळक होतो. त्या बिशपच्या डोक्यावर आधीच्या बिशपांनी हात ठेवलेला असतो, आणि ही साखळी थेट येशूच्या प्रेषितांपर्यंत जाते, अशी श्रद्धा. आपल्या गुरुपरंपरेसारखंच. या साखळीत बाईला जागा नव्हती. वाँटेजच्या सिस्टर तर या पंथातल्याही परंपरा कडक पाळणाऱ्या गटातल्या. चर्च सांगतं ते मानायचं, शंका असली तरी आधी मानायचं, मग समजेल, असा त्यांचा शिरस्ता.

रमाबाईंचा शिरस्ता उलटा. त्यांनी सिस्टर जेराल्डीनला पत्रांवर पत्रं लिहिली. ही बाई त्यांची धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळची पालक. येशू देव कसा, पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे तीन मिळून एक कसे, असं बायबलमध्ये नेमकं कुठे लिहिलंय, ते दाखवा म्हणाल्या. क्रूस गळ्यात घालायचा म्हटलं तर त्यावर लॅटिन अक्षरं होती. मला लॅटिन येत नाही, माझ्या लोकांना येत नाही, मग संस्कृत का नको, लॅटिनमध्ये असं काय आहे जे आमच्या संस्कृतात नाही, असं त्यांनी विचारलं. जेवणात मांस-मासळी त्या खात नसत. सिस्टरांना हा जातीचा जुना अभिमान वाटायचा.

१२ मे १८८५ च्या पत्रात त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकलं. हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जोखड मी नुकतंच, मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता पाळकांचं प्रत्येक म्हणणं देवाची आज्ञा म्हणून स्वीकारून तसलंच दुसरं जोखड घ्यायची माझी तयारी नाही. मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे. हा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीननेच जपून ठेवला आणि तो १९७७ मध्ये मुंबईहून ग्रंथरूपाने निघाला. वाचताना दोघींचीही दया येते. सिस्टरला खरोखर काळजी होती. तिला फक्त एक हट्टी, गर्विष्ठ शिष्या दिसत होती. आपण एका शास्त्र्याच्या मुलीशी वाद घालतोय, वाद हा जिच्या घरचा धंदा होता, हे तिच्या ध्यानातच आलं नसावं.

(त्याच चर्च ऑफ इंग्लंडने पहिल्यांदा बायकांना पाळकपदाची दीक्षा दिली ती १९९४ साली. त्या पत्रानंतर १०९ वर्षांनी.)

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदान समारंभाचं. तिथे पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली, आणि बोस्टनमध्ये त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. रमाबाई हिंदुस्थानात विधवांसाठी जी शाळा काढणार होत्या, तिला दहा वर्षं पैसे पाठवायचं या संस्थेने कबूल केलं. या संस्थेत वेगवेगळ्या पंथांचे लोक होते, युनिटेरियनही होते, म्हणजे देव एकच, त्याचे तीन भाग नाहीत असं मानणारे. एवढे पंथ एकत्र आले की एकच वाट उरते: संस्थेत धर्मप्रचार करायचा नाही. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ ही शाळा, शारदा सदन, उघडली ती याच अटीवर. पहिल्या मुलींपैकी गोदूबाई जोशी ही बालविधवा. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली.

सदन पुण्याला आलं आणि ठिणगी पडली एका उघड्या दारावरून. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मुलीला घेऊन बायबल वाचायच्या, प्रार्थना करायच्या. दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसायला लागल्या. मुलींना बोलावत नाही, हाकलतही नाही, असं त्यांचं म्हणणं. पुण्यातल्या पुढाऱ्यांना तो करारभंग वाटला. ‘केसरी’ने तोफ डागली, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. खूप मुली पालकांनी परत नेल्या. इथे मला दोन्ही बाजू कळतात. लेकीसुना विश्वासाने पाठवलेल्या लोकांना धसका बसणारच. आणि आपल्याच खोलीत देवाचं नाव घेताना दार बंद कर, असं या बाईला सांगून ती ऐकणार नाही, हेही उघड होतं.

याच सुमाराला त्यांच्या आत काहीतरी पालटलं. हे समजून घेणं बाहेरच्या माणसाला जरा अवघड जातं. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षं झाली होती. त्या लिहितात की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. वारकऱ्याला हे चटकन उमजेल. माळ घालून, एकादशी धरून, पोथ्या वाचूनही विठ्ठल भेटलाच असं नाही. १८९१ नंतर त्यांची श्रद्धा युक्तिवादाकडून भक्तीकडे झुकली. आणि एकदा देवाशी थेट नातं जुळलं म्हटल्यावर मधल्या साखळीची, बिशपच्या हाताची गरज उरते कुठे? अधिकाराचं कोडं त्यांच्यापुरतं तिथे सुटलं.

बोस्टनचे दहा वर्षांचे पैसे संपत येणार म्हणून त्यांनी केडगावला फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. (नगरजवळचं केडगाव वेगळं. हे पुणे-दौंड रेल्वेवरचं.) १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. लहानपणी स्वतः पाहिलेली भूक त्यांना तिथे पुन्हा दिसली. अनाथ मुली आणि विधवा घेऊन त्या परतल्या, आणि त्याच वेळी पुण्यात प्लेग. इतक्या मुलींना शहरात ठेवायला सरकारची परवानगी मिळेना, म्हणून सगळा लवाजमा केडगावच्या माळावर गेला. झोपड्या, तंबू, विहिरी खणणं. १८९८ मध्ये मुक्ती मिशन रीतसर सुरू झालं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वसती जवळपास २००० वर गेली.

मराठी ख्रिस्ती लोक अशा कामाला ‘सेवा’ म्हणतात. “ते सेवेत आहेत” म्हणजे पूर्णवेळ धर्मकार्यात आहेत. मुक्तीतली सेवा कशी होती? शाळा, शेती, गोठा, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन. पैशाचं तंत्र त्यांनी ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर यांच्यासारख्यांकडून घेतलं होतं: माणसांकडे मागायचं नाही, देवाकडे मागायचं. ऐकायला भाबडं वाटतं. पण त्याचा एक फायदा लगेच दिसतो. कुठल्या पंथाचे नियमित पैसे नाहीत, म्हणजे कुठल्या पंथाचा हुकूमही नाही. मुक्ती शेवटपर्यंत कुठल्याच एका चर्चच्या दावणीला बांधलं गेलं नाही. केशवपन झालेल्या, उष्ट्यावर जगलेल्या मुली तिथे बायबलवर बोलत, प्रार्थना चालवत, खेड्यांत जाऊन शुभवर्तमान सांगत.

एक गोष्ट झाकून ठेवू नये. दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरीला धर्म निवडायला कितीसा वाव असणार? जेवण, छप्पर, अक्षर आणि ख्रिस्त हे सगळं तिला एकाच हातातून मिळत होतं. स्वतःच्या विवेकाबद्दल एवढ्या जागरूक असलेल्या रमाबाईंना हा प्रश्न पडला असेलच, आणि त्यांचं उत्तर मला पटतंच असं नाही.

१९०५ मध्ये मुक्तीत जे घडलं, त्याने केडगावचं नाव जगाच्या नकाशावर गेलं. वेल्समध्ये आणि पाठोपाठ आपल्या खासी टेकड्यांत ‘उज्जीवन’ झाल्याच्या बातम्या येत होत्या. उज्जीवन म्हणजे थंड पडलेली श्रद्धा एकदम पेटणं. मुक्तीतल्या मुली गटागटाने रोज प्रार्थना करू लागल्या. जूनच्या अखेरीस एका रात्री एका मुलीला अंगात आग पेटल्यासारखं झालं. त्या वेळच्या वृत्तांतात आहे की, शेजारच्या मुलीला खरोखर ज्वाळा दिसल्या आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. मग रडणं, ओरडणं, पापांची कबुली, नाच. पुढे काही मुली ‘अन्य भाषा’ बोलू लागल्या, म्हणजे स्वतःलाही न येणारे शब्द पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने तोंडून निघणं. पेंटेकॉस्टल पंथाची ती ओळख. या पंथाचा उगम म्हणून लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटकडे बोट दाखवतात, पण तिथल्या सभा सुरू झाल्या एप्रिल १९०६ मध्ये. केडगाव त्याच्या आधीचं.

काही गोऱ्या मिशनऱ्यांना हा गोंगाट असह्य झाला. रमाबाई आधी स्वतःही बिचकल्या होत्या, मग म्हणाल्या, इथल्या बायकांना त्यांच्या पद्धतीने देवापुढे मोकळं होऊ द्या. पुन्हा तोच लॅटिन-संस्कृतचा मुद्दा.

मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईने या सगळ्यावर एक पुस्तिका लिहिली आणि शिकागोच्या आपल्या जुन्या मैत्रिणीला पाठवली. ती मैत्रीण तेव्हा नवऱ्याबरोबर, विलिस हूवर यांच्याबरोबर, दक्षिण अमेरिकेत चिलीत होती. ते वाचून हूवर यांच्या वाल्पाराइसोच्या चर्चमध्ये १९०९ मध्ये तसंच उज्जीवन झालं. चिलीतल्या पेंटेकॉस्टल चर्चेसचा इतिहास तिथून सुरू होतो. म्हणजे त्या इतिहासाचं एक टोक दौंड तालुक्यात आहे.

शेवटची जवळपास १५-१८ वर्षं त्यांनी ज्या कामाला दिली, त्याची आपल्याकडे फार चर्चा होत नाही. मराठी बायबल आधीच होतं, पण त्याची भाषा पंडिती. खेड्यातली बाई ते वाचून काय समजणार? शिवाय संस्कृत शब्द आपल्याबरोबर जुनं तत्त्वज्ञान ओढून आणतात, आणि ते कुठून कसं येतं हे रमाबाईंना चांगलंच ठाऊक. म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मुळावरून मराठीत आणायला घेतलं. असं करणारी जगातली पहिली बाई म्हणून त्यांचं नाव घेतात, ते बरोबर नाही. अमेरिकेतल्या ज्युलिया स्मिथ यांचं भाषांतर १८७६ मध्येच छापून झालं होतं. रमाबाईंची मराठी जागोजागी खडबडीत आहे, आणि चर्चमध्ये ती फारशी रुळली नाही. पण संस्कृत जिच्या जिभेवर होतं, ती बाई संस्कृत शब्द एकेक करून गाळत बसली आहे, हे दृश्य मला विसरता येत नाही. वडिलांनी आईला जे मोठ्या हिमतीने दिलं, ते तिने इथे बाजूला ठेवलं, कारण ज्यांच्यासाठी ती लिहीत होती त्यांना ते कुणी दिलंच नव्हतं.

छापखाना मुक्तीचाच. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्या मुली, मुद्रितं, म्हणजे तपासायचे कच्चे छाप, वाचणाऱ्या मुली, यंत्र चालवणाऱ्या मुली, पानं शिवणाऱ्या मुली. हिब्रू व्याकरणाचं मराठी पुस्तकही त्याच खिळ्यांतून निघालं.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती सोपवायची, तीच. रमाबाईंनी मुद्रितं तपासणं थांबवलं नाही. हातातलं काम पुरं होईपर्यंत दिवस मिळावेत अशी प्रार्थना त्यांनी केली आणि शेवटचं मुद्रित संपल्यावरच डोळे मिटले, असं मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. बायबल छापून पुरं झालं १९२४ मध्ये. तोवर मुली खिळे जुळवतच होत्या.